सुपारी फुटली की कॉलेज सुटतं

दिघ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. नवरा रबाळे एमआयडीसीत कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, मूळ गाव जालना जिल्ह्यात. थोरली मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला 78 टक्के होते, पुढे डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) करायचं म्हणते. येत्या ऑगस्टमध्ये तिला अठरा पूर्ण होतील. गावाकडून स्थळ आलंय. मुलगा 25 वर्षांचा, चाकणला कंपनीत, घरी पाच एकर, हुंडा नको म्हणतात. मेमध्ये चुलत बहिणीचं लग्न आहे. त्याच मांडवात हिचंही उरकावं, एक खर्च वाचेल, असा दिरांचा आग्रह. पैशांसाठी मुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं मोडायचं ठरतंय. मे जमत नसेल तर आता साखरपुडा करून ठेवा, लग्न अठरानंतर करू, 'पुढं शिकायला आमची ना नाही' असं मुलाकडचे म्हणतात. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी पळून गेली आणि आपल्या मुलीच्या मोबाइलमध्ये वर्गातल्या एका मुलाचे मेसेज सापडले, तेव्हापासून वडिलांना घाई झाली आहे. आई लिहिते, "माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं, नववीत शाळा सुटली. माझं काही वाईट झालं नाही. तीन महिन्यांनी असा काय फरक पडतो? तरी मन घेत नाही. काय करू?"

ताई,

तीन महिन्यांचा प्रश्न आधी मिटवून टाकू, कारण त्यात 'इकडून बघा, तिकडून बघा' असं काही नाहीच. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 चा. मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण असले पाहिजेत. 17 वर्षं 9 महिने म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीनच, लग्न दिघ्यात करा नाहीतर गावी. लग्न करणाऱ्या सज्ञान नवऱ्यामुलाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हीच शिक्षा लग्न लावणाऱ्याला, जुळवून देणाऱ्याला आणि ते होऊ देणाऱ्या पालकांनाही आहे. बाईला या कायद्यात तुरुंगवास नाही, दंड मात्र आहे. म्हणजे तुम्ही घरी आणि भाऊ (तुमचे यजमान) नि दीर आत, असंही होऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

याहून जास्त त्रासाचा भाग लग्नानंतर येतो आणि त्याची कल्पना फार थोड्या घरांना असते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्याने ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच. आताच्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागतो तो वेगळा. मुलीला मेमध्ये लग्न होऊन जुलैत दिवस गेले आणि नाव नोंदवायला दवाखान्यात नेलं, की वय विचारलं जाणार. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरांना पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाकणचा तो मुलगा स्वभावाने कितीही चांगला असला तरी तपास त्याच्यावर सुरू होतो आणि नोकरी जाते ती त्याचीच. आधारवर जन्मतारीख बदलून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आधी बघतात, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधार हा वयाचा पुरावा धरत नाहीत.

आता सुकन्याचं खातं. लग्नासाठी ते मुदतीआधी बंद करता येतं. पण लग्नाच्या दिवशी मुलगी अठराच्या खाली नसेल, असं स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि सोबत वयाचा पुरावा लागतो. लग्नाआधी एक महिना ते लग्नानंतर तीन महिने एवढ्याच काळात ते बंद होतं. मेच्या लग्नाला हे पैसे मिळायचेच नाहीत. शिक्षणासाठी मात्र दहावी झालेल्या मुलीच्या खात्यातून, आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम आजही काढता येते. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती जोडायची, तेवढीच फी मिळते. एक खर्च वाचवायला दिरांनी जो हिशोब मांडलाय, त्यात ही ओळ राहिलेली दिसते.

आणि मुहूर्ताचं म्हणाल, तर आषाढी ते कार्तिकी आपल्याकडे लग्नं काढत नाहीत. मुलगी ऑगस्टमध्ये अठराची होते ती चातुर्मासात. म्हणजे कायद्यात बसणारा पहिला मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा. तोवर डी.फार्म.चं पहिलं वर्ष सुरू झालेलं असेल. हे गणित भाऊंना पंचांग समोर ठेवूनच दाखवा, तोंडी सांगितलं तर वाद होईल.

तर मेचं लग्न बाद. खरी अडचण दुसऱ्या पर्यायात आहे. तो सोयीचा वाटतो, म्हणून बहुतेक घरं तिथेच फसतात.

साखरपुडा झाला म्हणजे लग्न अजून व्हायचंय, असं आपण धरतो. मुलीच्या शिक्षणापुरतं बघाल तर बरंचसं त्याच दिवशी होऊन जातं. कुणी कॉलेज बंद करा म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात मुलाकडून मोबाइल येतो. मग रोज रात्री दहाचा व्हिडिओ कॉल, आणि अभ्यासाची वेळ नेमकी तीच असते. पंधरा दिवसांनी 'त्या वर्गाच्या ग्रुपमध्ये मुलं आहेत, बाहेर पड'. संक्रांतीला वाण घेऊन आठ दिवस गावी. मग नणंदेचं डोहाळजेवण. बारावी सायन्सचं प्रॅक्टिकल फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला प्रत्येकी 30 गुणांचं असतं आणि ते लेखी परीक्षेच्या आधी, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत होतं. त्याला सगळ्या प्रयोगांवर बाईंच्या सह्या असलेलं जर्नल लागतं. डिसेंबर-जानेवारीत दहा दिवस गेले की बायोलॉजीच्या जर्नलमध्ये चार-पाच पानं कोरी राहतात, मैत्रिणीचं उतरवून काढावं लागतं, बाई सही देत नाहीत, मुलगी रडत घरी येते. तिथे कुणीतरी सहज बोलून जातं, 'आता कशाला एवढं, लग्न तर ठरलंय.' हे वाक्य साधारणपणे आपल्याच घरातलं माणूस बोलतं, सासरचं नव्हे. त्यानंतर प्रवेशाचा फॉर्म भरायची घाई कुणालाच उरत नाही, कारण 'पुढचं त्यांच्या घरी ठरवतील'. ऑगस्ट येईपर्यंत मुलगी घरी बसलेली असते आणि घरी बसलेल्या मुलीचं लग्न लवकर करा असं सगळेच म्हणतात. लग्नामुळे शाळा सुटते असं आपण समजतो. पुष्कळदा शाळा आधी ढिली पडलेली असते आणि लग्न त्या रिकाम्या जागेत येऊन बसतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहावर दिलेल्या निकालात, अल्पवयीन मुलांचे वाङ्निश्चय ही कायद्यातून निसटायची वाट होऊ शकते असं म्हटलं आणि त्यांच्यावर बंदी आणण्याचा विचार संसदेने करावा असं सुचवलं. आज साखरपुडा म्हणून साखरपुडा गुन्हा नाही. पण सुपारी फोडून ठेवली आणि पुढे मुलगी नको म्हणाली, किंवा मुलगा पसंत नाही असं कळलं, तर मोडण्याची नामुष्की कुणाच्या पदरात पडते ते तुम्हाला सांगायला नको. भावकीत 'मोडलेली' म्हणून मुलीकडेच बोट दाखवतात.

'पुढं शिकायला आमची ना नाही.' हे वाक्य खोटं असेल असं नाही, पण अर्धं आहे. ना नाही म्हणजे हो कशाला, ते विचारायचं राहिलं. डी.फार्म. दोन वर्षांचं, रोज कॉलेजला जाऊन करायचं शिक्षण आहे. हजेरी लागते, प्रयोगशाळा असते, शेवटी दुकानात किंवा दवाखान्यात 500 तासांचं प्रशिक्षण असतं. बाहेरून बसून होत नाही. नर्सिंग, आयटीआयचंही तसंच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.ए., बी.कॉम. होतं, आणि मुलाकडच्यांच्या मनातलं 'शिकेल' बहुधा तेच असतं. त्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्या मुलीला जे हवंय ते हे नव्हे.

म्हणून बोलणी पुढे कधी झालीच, तर मोघम विचारू नका. कुठल्या कॉलेजात, किती किलोमीटर, गाडी किती वाजता आणि परतीची शेवटची कधी? मुलगा चाकणला आणि सून गावी, असं राहणार आहे का? तसं असेल तर सकाळचा स्वयंपाक कोण करणार? पहिल्या दोन वर्षांत मूल नको, हे सासूबाईंना मान्य आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचाराच, मुलाला समोर बसवून. उत्तर 'बघू की' असेल तर ते नाहीच धरा. मुलीने शिकलेलं मनापासून हवं असलेलं घर दोन वर्षं थांबायला तयार होतं, कारण दोन वर्षांनी त्यांच्याच घरात फार्मासिस्ट येणार असतो.

भाऊंच्या भीतीबद्दल. तिला खोटी म्हणू नका. दिघ्यातून रोज लोकल पकडून जाणाऱ्या मुलीच्या बापाला धाकधूक असते, आणि शेजारची मुलगी गेल्यावर चाळीत काय काय बोललं जातं ते त्यांनी ऐकलेलं आहे. फक्त एवढं विचारा, की भीती ज्याची आहे त्यावर लग्न हा इलाज आहे का? मेसेजचं म्हणाल, तर वर्गातल्या मुलाशी सतरा वर्षांची मुलगी बोलते यात जगावेगळं काही नाही. त्या मेसेजमध्ये धमकी, पैशांची मागणी किंवा फोटो मागणं असेल तर ती वेगळी गोष्ट. मग लगेच पोलिसांकडे जायचं. एरवी मोबाइल काढून घेणं आणि स्थळ बघणं या दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, की मुलीला एकच अर्थ कळतो: खरं सांगितलं की शिक्षा होते. पळून जाणाऱ्या मुलींतल्या कितीतरी प्रियकरामागे जाण्यापेक्षा घरात ठरलेल्या लग्नापासून पळत असतात. घाई केली तर धोका वाढतो, हे भाऊंना तुम्हीच शांतपणे सांगू शकता.

त्याऐवजी करण्यासारखं बरंच आहे. जायची-यायची लोकल ठरवून घ्या, दोघीतिघी मैत्रिणी मिळून जातील असं बघा, त्यांच्या आयांचे नंबर तुमच्याकडे असू द्या. कॉलेजची हजेरी महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांकडे जाऊन विचारा. आणि भाऊंनी एकदा, फक्त एकदा, तिला सोबत घेऊन डी.फार्म.चं कॉलेज बघून यावं. मुलगी उद्या कुठे बसणार आहे ते डोळ्यांनी बघितलं, की निम्मी काळजी तिथेच उतरते.

"माझं काही वाईट झालं नाही" हे तुम्ही लिहिलंय, आणि ते खरं मानायलाच हवं. तुमचा संसार तुम्ही उभा केलात. पण त्याच पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता, की कंपन्यांच्या पॅकिंगच्या कामाला 'दहावी पास' मागतात म्हणून तुम्हाला घेतलं नाही. ही दोन्ही वाक्यं तुमचीच आहेत. शिवाय 'आपल्यात सगळे असंच करतात' हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. मराठवाड्यात प्रमाण जास्त आहे हे कबूल, पण राज्यात पाचातल्या जवळजवळ चौघी अठराच्या आत बोहल्यावर चढल्या नाहीत, आणि अठरानंतरही स्थळं मिळतातच. (कायदा लवकरच 21 चा होणार, म्हणून उरका, असंही कुणी सांगेल. तसं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं ते बारगळलं.)

एक खटकलं ते सांगते. पत्रात मुलीची उंची आहे, टक्के आहेत, स्वयंपाक येतो हेही आहे. मुलगा बघून ती काय म्हणाली, ते कुठेच नाही. तिला विचारलं नसेल तर आज विचारा, पण चारचौघांत नको. भांडी घासताना, दोघीच असताना. ती गप्प बसली तर त्याला होकार समजू नका.

मुलाकडच्यांना निरोप धाडताना नकार आणि अपमान यांत अंतर ठेवायचं. भाऊंनीच फोन करावा, तुम्ही नको. बोलणं साधारण असं: "पोरगी ऑगस्टात अठराची होतीय. त्याआधी आम्ही कुंकूसुद्धा लावून घेणार नाही, केस झाली तर तुमच्या पोराची नोकरी जाईल आणि माझीपण. तिचं फार्मसीचं दोन वर्षांचं आहे. त्यानंतर तुम्हाला थांबायचं असेल तर बसू, नाहीतर तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे." कायद्याचा हवाला दिला की भावकीत कुणाचं नाक कापलं जात नाही. दिरांनी फारच धरलं, तर 'मंगल कार्यालयवाला, फोटोग्राफर, भटजी सगळे केसमध्ये येतात' एवढं बोला. काही कार्यालयवाले हल्ली स्वतःच वयाचा दाखला मागतात.

आता मुलीचं. जर्नल आठवड्यात पूर्ण करून सह्या घेऊ द्या. डी.फार्म.ला सीईटी लागत नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा गणित हवं. निकालानंतर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर केंद्रीभूत प्रवेशाची, म्हणजे कॅपची, नोंदणी सुरू होते. प्रवेश कॅपमधूनच घ्यायचा. व्यवस्थापन कोट्यातून 'आत्ताच सीट पक्की करा' असं कुणी म्हटलं तरी नाही, कारण फीमाफी कॅपलाच आहे. 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या वेगळ्या योजना आहेत. विकास शुल्क, पुस्तकं, ॲप्रन हे मात्र भरावं लागतं, आणि त्यातलं फीच्या पावतीवर असेल तेवढ्यासाठी सुकन्याचे पैसे. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज वेळेत भरायचा. मुलीचं स्वतःचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं आणि मार्कशीट, आधार, बँक तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. इथेच अर्ज अडकतात.

लग्न झालेल्या आणि शिकत असलेल्या मुलींसाठी म्हणून हेही: शिक्षण पुरं होईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. नवीन आडनाव आणि जुनी मार्कशीट जुळत नाहीत म्हणून शिष्यवृत्ती थांबते. जातीचा दाखला लग्नानंतरही वडिलांच्याच कागदांवर निघतो, म्हणून ते कागद माहेरी नीट ठेवलेले हवेत. दहावी-बारावी अर्धवट राहिलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं.

हे वाचणारी एखादी मुलगी स्वतःच अशा मांडवाच्या उंबरठ्यावर असेल, तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन कर. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, फोन कुणी केला ते गावात सांगत नाहीत. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लग्नाआधी न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच नसतं. आधीच झालं असेल तर अल्पवयीन असताना लागलेलं लग्न रद्द करून घेण्याचा अर्ज मुलीला वीस पूर्ण होईपर्यंत जिल्हा न्यायालयात करता येतो. लग्न गावी लागलेलं असलं तरी ती आता ठाणे जिल्ह्यात राहत असेल तर इथेही.

ताई, पुतणीच्या लग्नाला मेमध्ये सगळ्यांनी जाच. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, पण आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला मूळ गावच्या तालुक्यातून काढावा लागेल आणि पडताळणीला जुने पुरावे लागतात: ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचे, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचे. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना खासरा, कोतवाल बुकातली नोंद, जे मिळेल ते. हळदीच्या आदल्या दिवशी सुट्टी नसेल तर तहसील कार्यालय उघडं असतं. भाऊंनी मुलीला सोबत न्यावं.